जावयाची टाकी

अनिश सोहोनीने खिडकीला चिकटपट्टी लावली, तेव्हा आपण एक छोटंसं पुण्यकर्म करतोय असंच त्याला वाटलं होतं. या पट्टीपायी आपली बायको आणि तान्ही मुलगी बॅगा भरून कार्डिफला जायला निघणार आहेत, हे कुणी आधी सांगितलं असतं, तर त्याने निदान जरा कमी चिकटणारी पट्टी आणली असती.

आता हा अनिश करतो काय, ते सांगायला हवं. (सांगायला नको होतं, पण इलाज नाही.) ब्रिस्टलमधल्या एका विमानांच्या कंपनीत तो इंजिनिअर आहे, आणि विमानाच्या केबिनमध्ये हवा कशी खेळती ठेवायची, हे त्याचं खातं. शेकडो माणसं एका बंद नळकांड्यात कोंडून ढगांच्या वर नेली तरी कुणाचा जीव घुसमटू नये, म्हणून कंपनी त्याला पगार देते. घरी माणसं चार, त्यातलं एक पाळण्यात, आणि उंची फक्त पहिल्या मजल्याची. तरी जे व्हायचं ते झालंच.

घर त्याच गावातल्या हॉरफिल्ड भागात, टेरेस हाऊस, म्हणजे ओळीतल्या शेजारच्या घरांना भिंतीने चिकटलेलं, जुनं, आणि मागची बेडरूम उत्तरेला. नोव्हेंबरात तिथे ऊन येत नाही, आणि खरं सांगायचं तर जूनमध्येही ते पाहुण्यासारखं दारातूनच परत जातं. हीच बाळंतिणीची खोली ठरली. देवयानीला मुलगी झाली, तिचं नाव निधी ठेवलं, आणि बाळंतपणासाठी देवयानीची आई, श्यामलाबाई, लातूरहून आल्या. येताना डिंक, अळीव, बाळंतशेपा, ओवा आणि जुन्या लुगड्यांची दुपटी एवढं सगळं दोन बॅगांत कोंबून आणलं होतं. एअरपोर्टवरच्या माणसाने डिंकाच्या लाडवांचा डबा उघडून वास घेतला, विचारात पडला आणि मुकाट्याने परत बंद केला.

श्यामलाबाई देशमुखांच्या घरातल्या. त्यांच्याकडे सासू जावयाशी थेट बोलत नाही. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासूबाईंनी अनिशकडे बघून एक वाक्य उच्चारलं नव्हतं. जे काही असेल ते देवयानीमार्फत. अनिश समोरच्या खुर्चीत बसलेला असायचा आणि त्या डोक्यावरचा पदर सारखा करत लेकीला म्हणायच्या, "त्यांना विचार, भात वाढू का." देवयानी म्हणायची, "भात हवाय का?" अनिश म्हणायचा, "थोडा." देवयानी सांगायची, "थोडा म्हणतात." मग ताटात भाताचा डोंगर पडायचा. जावयाच्या ताटात जागा दिसणं हा सासूबाईंच्या लेखी घराण्याला बट्टा होता.

लेक बाळंतीण होईपर्यंत ही व्यवस्था झकास चालली. पण रात्र रात्र जागून पेंगुळलेल्या दुभाष्याकडून काय अपेक्षा करणार? पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी खिडकीच्या चौकटीत वर असलेली लांबट फट पाहिली. इकडच्या खिडक्यांना असते तशी, थोडी थोडी हवा आत यावी म्हणून मुद्दाम ठेवलेली. त्यांनी लेकीला काहीतरी विचारलं. देवयानीने निधीला खांद्यावर थोपटत, अर्धे डोळे मिटून ते पुढे सरकवलं, "आईला त्या व्हेंटचं काहीतरी आहे. वारा येतो बहुतेक."

आता व्हेंट का असतो, हे या गावात अनिशपेक्षा चांगलं सांगणारी माणसं थोडीच. त्याने तोंड उघडलंसुद्धा. पण सासूबाईंनी चार वर्षांत जावयाकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं, आणि जावयाने काय व्हेंटिलेशनवर लेक्चर द्यायचं? त्याने चिकटपट्टी आणली आणि फट बुजवली.

आणि अनिशचा स्वभाव असा, की एकदा कौतुक व्हायची शक्यता दिसली की तो थांबत नाही. दुसऱ्या खिडकीचीही फट गेली. भिंतीतली हवेची जाळी त्याने कॉलेजातल्या टी-शर्टांचे बोळे कोंबून बंद केली. बाथरूमच्या पंख्याच्या आवाजाने निधी दचकते, म्हणून त्याची वायर काढली. सासूबाई हे सगळं दारात उभ्या राहून पाहत होत्या. लेकीला म्हणाल्या, "लई मनावर घेतात गं." अनिशने ते प्रशस्तिपत्रक समजून खिशात घातलं.

खोली अशी डब्यासारखी बंद झाली आणि आत बाळंतपण जोरात सुरू झालं. सकाळी शेक, मग ओवा-शेपांची धुरी (तेवढ्यापुरती अनिश स्मोक अलार्मला शॉवर कॅप घालायचा, आणि धुरी संपली की न विसरता काढायचा, हा त्याचा त्या महिन्यातला एकमेव शहाणपणा), दिवसभर रेडिएटरवर लंगोट आणि दुपटी, आणि कोपऱ्यात इंडक्शनच्या छोट्या शेगडीवर ओव्याच्या पाण्याचं पातेलं. खिडकीच्या काचा आतून घामाघूम व्हायच्या. अनिश रोज ऑफिसला जाण्याआधी त्या पुसायचा, आणि थंडी फार आहे बाहेर, असं स्वतःला समजवायचा.

ख्रिसमस झाला आणि पाळण्यामागच्या भिंतीवर एक काळा ठिपका उमटला. आधी टिकलीएवढा, मग पुरीएवढा, मग चांगल्या दणदणीत भाकरीएवढा. अनिशने शास्त्रीय उपाय केला, म्हणजे पाळणा दुसरीकडे सरकवला आणि तिथे कपाट आणून लावलं. ठिपका कपाटाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर आला. खोलीला कुबट वास यायला लागला. अनिश म्हणाला, जुन्या घरांना कॅरेक्टर असतं.

मग निधीचं नाक चोंदलं. दूध पिताना ती मधेच थांबून तोंडाने श्वास घ्यायला लागली आणि चिडून रडायला लागली. देवयानीने एके दिवशी कपाट ओढलं. मागची काळी भिंत तिने बघितली. तिने निधीला घेतलं, सरळ पुढच्या खोलीत सोफ्यावर जाऊन बसली आणि अनिशला बोलावलं.

"दोन आठवडे देते," ती म्हणाली. "तोवर आम्ही तिघी इथे झोपू. भिंत वाळली नाही तर मी निधीला घेऊन वैभवीकडे जाते. आई येईल बरोबर. मला भांडायचं नाहीये, मला तिचा श्वास नीट ऐकू यायला हवाय."

वैभवी ही देवयानीची चुलत बहीण. तिचा नवरा नकुल कार्डिफमध्ये एका बँकेच्या आयटीत आहे, आणि त्यांच्या नव्या कोऱ्या फ्लॅटमध्ये घरभर हवा खेळवणारी सिस्टिम आहे. तिच्याविषयी नकुल असा बोलतो, की जणू ते सगळे पाइप त्याने स्वतः दातांत स्क्रू धरून बसवलेत. देवयानीचा फोन गेल्यावर त्याने तासाभरात अनिशला मेसेज टाकला, की काळजी करू नकोस, आमच्याकडे ह्युमिडिटी परफेक्ट असते, दोन आठवड्यांनंतरच्या शनिवारी मीच येतो न्यायला.

अनिशच्या तोंडचं पाणी पळालं. (घरात तेवढं एकच पाणी कमी झालं.) नकुलपुढे मान खाली जाणार, हे दुःख होतंच. पण खरं दुःख वेगळं होतं. निधी नुकतीच त्याला बघून हसायला लागली होती. पोटावर पालथी घालून, त्याच्या डाव्या हातावर तिला आडवी धरली की ती रडायची थांबायची, आणि हे फक्त त्यालाच जमायचं. देवयानीला नाही, सासूबाईंनाही नाही. घरातलं हे एक काम असं होतं, जे तो बिघडवत नव्हता. ती कार्डिफला गेली तर संध्याकाळी ऑफिसातून येऊन तो रिकामा हात घेऊन काय करणार होता?

त्याने डीह्युमिडिफायर आणला. हवेतलं पाणी शोषून खालच्या टाकीत जमा करणारं यंत्र. मागच्या खोलीत मधोमध ठेवून त्याने बटण दाबलं, आणि संध्याकाळी येऊन बघतो तर टाकी काठोकाठ. अनिश हरखला. टाकी दोन्ही हातांत धरून तो सोफ्यापाशी आला, देवयानीला दाखवली, उजेडात धरली, फोटो काढला आणि लातूर-ब्रिस्टलच्या फॅमिली ग्रुपवर टाकला. लातूरला नळाला कधी पाणी येतं आणि कधी नाही. तिकडच्या मंडळींनी हात जोडले, एका मामांनी तर हे मशीन शेतावर चालेल का, अशी चौकशी केली. त्या रात्री अनिश दोन भाकरी जास्त जेवला. सासूबाई पदराआडून बघत होत्या.

मग रोजचा तोच कार्यक्रम. बूट काढायच्या आधी जिना चढायचा, टाकी काढायची, मिरवत आणायची. मधे एक दिवस देवयानी, निधी आणि सासूबाई तिघी डॉक्टरकडे गेल्या होत्या. मागच्या खोलीत दिवसभर ना पातेलं चढलं, ना लंगोट वाळत पडले. त्या संध्याकाळी टाकी अर्धीच निघाली. खरं म्हणजे नाचावं अशी बातमी होती, भिंत वाळायला लागली होती. पण अनिशला रोजच्या काठोकाठीची चटक लागलेली. त्याचा चेहरा पडला. मशीन बिघडलं की काय, या विचारात त्याने एकच भाकरी खाल्ली आणि दुसरीला हात आडवा केला.

दुसऱ्या दिवसापासून टाकी पुन्हा भरायला लागली, आणि भरायची म्हणजे किती? दुपारीच भरून मशीन बंद पडू लागलं. अनिश तिकडे कागदावर आकडेमोड करत बसला. एवढ्याशा खोलीतल्या हवेत मावेल त्याच्या कितीतरी पट पाणी रोज निघत होतं, आणि भिंत मात्र आधीपेक्षा ओली. याचा अर्थ घरात कुठेतरी गुप्त झरा होता. त्याने छपराच्या पन्हळी तपासल्या. छपराखालच्या लॉफ्टमध्ये रांगून आला. बाथटबचं पॅनेल काढलं, आत काही सापडलं नाही, आणि पॅनेल पुन्हा बसलं नाही. मग जमिनीतून पाणी वर चढत असावं, असा त्याने सिद्धांत मांडला. खालच्या मजल्याची भिंत कडकडीत कोरडी ठेवून ते थेट वरच्या मजल्यावर कसं चढत होतं, असं देवयानीने विचारलं, तेव्हा त्याने फिजिक्सचा विषय काढला. देवयानीने निधीला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि पाठ फिरवली.

शेवटी शेजारच्यांच्या बाथरूममधून झिरपत असेल म्हणून तो शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे ओल मोजायचं उपकरण घेऊन गेला. त्यांनी त्याला आत घेतलं, भिंतीला हवं तिथे टोचू दिलं. भिंत कोरडी ठणठणीत. निघताना त्यांनी अतिशय हळुवार आवाजात विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना, बाळ आल्यावर बापांनाही अवघड जातं, बोलायला माणसं असतात. अनिश थँक यू म्हणून परत आला.

मुदतीचा शेवटचा शुक्रवार उजाडला. पुढच्या खोलीत बॅगा भरून ठेवल्या होत्या. निधीची इवलीशी लोकरी टोपी सर्वांत वर होती, आणि ती बघून अनिशला ऑफिसात काही सुचेना. हातात घेतलेलं काम तसंच टाकून तो दुपारीच घरी आला. देवयानी निधीला वजन करायला जवळच्या सेंटरमध्ये घेऊन गेली होती. घर शांत होतं. वरून फक्त मशीनची घरघर ऐकू येत होती, आणि कुणीतरी कुणाशी तरी बोलत होतं.

तो जिना चढला. मागच्या खोलीचं दार किलकिलं होतं. आत धुकं. धुक्यात मधोमध मशीन, मशीनला खेटून इंडक्शनची शेगडी, शेगडीवर घरातलं सगळ्यात मोठं पातेलं खदखदत होतं. शेजारी पाटावर सासूबाई बसलेल्या. नॅपीच्या खोक्याचं झाकण फाडून घेतलं होतं, आणि त्याने त्या वाफेला मशीनच्या तोंडाकडे वारा घालत होत्या.

"घे बाबा, घे," त्या मशीनला समजावत होत्या. "आज टाकी भरली नाही तर ते जेवायचे नाहीत."

अनिशच्या हातून दार करकरलं. सासूबाई चटकन उठल्या, पदर डोक्यावर घेतला आणि सवयीने लेकीसाठी इकडेतिकडे बघितलं. लेक नव्हती. अनिशनेही तेच केलं. चार वर्षांत पहिल्यांदा दोघं दुभाष्याशिवाय एका खोलीत उभे होते. पातेलं खदखदत होतं. कुणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, पण कुणाशी?

सासूबाई शेवटी मशीनकडे बघून म्हणाल्या, "म्हणावं, चहा ठेवू का."

अनिशही मशीनकडे बघून म्हणाला, "म्हणावं, नको. म्हणावं, हे काय चाललंय?"

मशीनने दोघांचं ऐकून घेतलं आणि टाकी भरली म्हणून टिंग करून बंद पडलं. आता खोलीत तिसरं कुणी उरलं नाही. सासूबाईंनी झाकण खाली ठेवलं, हात पदराला पुसले, आणि जमिनीकडे बघत का होईना, थेट जावयाशी बोलल्या.

"त्या दिवशी टाकी अर्धी निघाली, तर तुम्ही एका भाकरीवर उठलात. लेकीच्या घरी येऊन जावई माझ्यासमोर उपाशी उठला, माझ्या जिवाला काय वाटलं असंल? मग म्हटलं, टाकी रिकामी राहू द्यायची नाही. वाफ दिली की भरतंय. लई गुणाचं मशीन हाय."

अनिश मटकन पाळण्याशेजारच्या स्टुलावर बसला. त्याने सावकाश, अगदी शाळेत सांगतात तसं सांगितलं, की ही वाफ मशीन सगळी पीत नाही, उरलेली भिंतीत जाते, भिंतीवर बुरशी धरते आणि त्यानेच निधीचं नाक चोंदतं. बोलता बोलता आपल्या ज्ञानाने त्याला जरा स्फुरणसुद्धा चढलं. हवा बाहेर जायला वाट लागते, म्हणाला. म्हणून तर खिडकीला ती फट असते.

सासूबाईंनी आता मान वर केली. "मग बुजवली कशाला?"

"तुम्हीच सांगितलंत ना. वारा येतो म्हणून."

"मी कुठं सांगितलं? मी देवयानीला इचारलं, ही फट कशासाठी ठेवलीय, तेवढं त्यांना इचार. म्हटलं, जावई हवेतले इंजिनिअर हायत, त्यांना ठावं असंल. तर तुम्ही पट्टीच घेऊन आलात. मग मी गप बसले. म्हटलं, इकडं आसंच करत असतील."

अनिशने खिडकीकडे बघितलं. तो उठला आणि पट्टी काढायला लागला. एका बाजूला तो, दुसऱ्या खिडकीला सासूबाई. पट्टीबरोबर चौकटीचा रंगही निघाला. जाळीतून कॉलेजचे टी-शर्ट निघाले, ते सासूबाईंनी दोन बोटांत धरून बादलीत टाकले. खिडक्या सताड उघडल्या, पातेलं झाकण घालून खाली किचनमध्ये गेलं, आणि अनिशने बाथरूमच्या पंख्याची वायर जोडली. देवयानी परत आली तेव्हा घरभर गार वारा सुटला होता, आणि तिची आई आणि तिचा नवरा भिंत ब्लीचने कुणी पुसायची यावर मोठमोठ्याने वाद घालत होते. ती पायरीवरच थांबली. त्या दोघांचा आवाज असा एकत्र तिने आयुष्यात ऐकला नव्हता. मग तिला सगळी हकीकत दोन्ही बाजूंनी एकाच वेळी सांगण्यात आली, आणि ती पोट दुखेपर्यंत हसली. निधीला काही कळलं नाही, तरी तीही हसली, आणि बापाकडे बघून हसली.

शनिवारी सकाळी टाकीच्या तळाशी वाटीभरच पाणी होतं. अनिशने या वेळी चेहरा पडू दिला नाही. (सासूबाई लक्ष ठेवून होत्या.) देवयानीने वर जाऊन डाग पडलेल्या भिंतीवर पालथा हात ठेवला, नाक जवळ नेऊन वास घेतला, आणि मग खाली येऊन बॅगेतली लोकरी टोपी काढून निधीला घातली. "राहू दे," म्हणाली. "आता कारण कळलंय, वाळेल." अनिशला तिथेच रडू येईल असं वाटलं, पण घरात आधीच ओल फार होती, म्हणून त्याने आवरलं आणि हात पुढे केला. निधी हातावर आडवी पडली आणि झोपली.

कुणी त्याला सावध केलं नव्हतं, पण सासूबाईंचं बोलणं एकदा मोकळं झालं ते पुन्हा बंद होणार नव्हतं. सकाळपासून त्यांनी जावयाला थेट सांगितलं होतं, की ओला टॉवेल पलंगावर टाकू नका, पॅनेल बसत नाही तर काढलं कशाला, आणि चहात एवढी साखर बरी नव्हे. ताटात भाताचा डोंगरही आला नाही. हवा तेवढा घ्या, म्हणाल्या.

दहाच्या सुमाराला नकुल आला. गाडीत बेबी सीट लावून, हातात ओल मोजायचं स्वतःचं उपकरण घेऊन. येणार कुणी नाही हे कळल्यावर त्याने निराशा लपवली आणि वरची खोली बघायची इच्छा व्यक्त केली. भिंत बघितली, फट बघितली, रंग निघालेली चौकट बघितली, देवयानीकडून सगळी गोष्ट ऐकली. खाली आला, पोह्यांची बशी घेतली, आणि ज्याची अनिश केव्हापासून वाट बघत होता तेच बोलला.

"पण अनिश, तू तर ह्यातलाच एक्स्पर्ट आहेस ना? विमानात हेच करतोस ना दिवसभर? तुला कसं कळलं नाही?"

अनिश उत्तराची जुळवाजुळव करत होता. तेवढ्यात सासूबाईंनी नकुलच्या बशीत आणखी पोहे वाढले आणि शांतपणे म्हणाल्या, "आम्हालाबी चार वर्षं वाटत होतं, जावई लई हुशार हाय म्हणून. बोलणंच नव्हतं ना कधी."